कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभाग: संशोधन सुविधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकशास्त्र विभागाची पायरी चढणाऱ्यांत अळीने खाल्लेले पान पिशवीत घालून आणणारा शेतकरी असतो, संग्रहपेटी जमा करायला आलेला पदवीचा विद्यार्थी असतो, शाळेची सहल घेऊन आलेले शिक्षक असतात आणि पुढील संशोधनासाठी जागा शोधणारे पदवीधरही असतात. त्यांच्या प्रश्नांत बरेच साम्य आढळते. महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठे, म्हणजे राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) आणि दापोली (१९७२), नजरेसमोर ठेवून त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक ठिकाणची मांडणी थोडी वेगळी असते, परंतु कामाची पद्धत बहुतांशी सारखीच असते.

विभागातील संशोधन सुविधा म्हणजे नेमके काय?

बहुतेकांना सूक्ष्मदर्शक आणि काचेची भांडी डोळ्यांसमोर येतात. ती असतातच, पण कीटकशास्त्राची खरी संपत्ती दोन गोष्टींत असते. पहिली म्हणजे टाचून, सुकवून, चिठ्ठी लावून जपलेला मृत कीटकांचा संग्रह, आणि दुसरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सलग वाढवलेली जिवंत कीटकांची वसाहत. यंत्र बिघडले तर निधी मिळताच नवे घेता येते. वीस वर्षांपूर्वी एखाद्या गावात टिपलेला पतंग मात्र पुन्हा टिपता येत नाही, आणि कीटकनाशकाचा स्पर्शही न झालेली, अनेक पिढ्या जपलेली अळ्यांची वसाहत एकदा मोडली की ती बाजारात विकत मिळत नाही. पुढील बहुतेक उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

याखेरीज संवर्धन कक्ष, जैविक नियंत्रण प्रयोगशाळा, कीटकनाशकांची परिणामकारकता तपासण्याचा कक्ष, हरितगृह व शेडनेट, प्रकाश सापळे, मधमाश्यांच्या पेट्या आणि प्रयोगाचे शेत हे सर्व विभागाचाच भाग असते. प्रयोगाचे शेत अनेकांना सुविधा वाटत नाही. वास्तविक अशा शेताचा एखादा तुकडा हंगामभर फवारणीविना ठेवलेला असतो आणि किडींची नैसर्गिक चढउतार केवळ तेथेच पाहायला मिळते.

मेलेले किडे जपून ठेवण्यात एवढे काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर कीटकाखालच्या चिठ्ठीवर असते. टाचणीवर कीटकाच्या खाली दोन छोट्या चिठ्ठ्या ओवलेल्या असतात. पहिलीवर गाव, तालुका, जिल्हा, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते; दुसरीवर तो कोणत्या पिकावर किंवा झाडावर सापडला याची नोंद असते. चिठ्ठी नसलेला कीटक कितीही देखणा असला तरी शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो, आणि पंख तुटलेला, रंग उडालेला कीटक नीट चिठ्ठी असेल तर पुरावा ठरतो. एखादी कीड एखाद्या जिल्ह्यात प्रथम केव्हा आली, पूर्वी ती कोणत्या पिकावर होती आणि तिच्याबरोबर कोणते परोपजीवी कीटक होते, हे सांगण्यासाठी अशा पेट्यांखेरीज दुसरा भरवशाचा आधार नसतो.

टाचण्याच्या पद्धतीलाही कारणे आहेत. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या कठीण पंखातून घालतात, म्हणजे डावी बाजू पूर्ण शाबूत राहते आणि ओळखीची लक्षणे पाहता येतात. पतंग आणि फुलपाखरांना छातीच्या मधोमध टाचून पंख पसरवण्याच्या लाकडी फळीवर सुकवतात. टाचणी साधारण ३८ मिलिमीटर लांबीची, न गंजणाऱ्या पोलादाची असते. शिंप्याकडची साधी टाचणी वापरली तर काही पावसाळ्यांतच ती गंजून कीटकाचे अंग खराब करते. अगदी लहान गांधीलमाश्यांना टाचणी सोसत नाही, त्यामुळे त्या जाड कागदाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाच्या थेंबाने चिकटवतात. अळ्या आणि मऊ शरीराचे कीटक सुकवल्यावर आकसतात, म्हणून ते सुमारे ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे अल्कोहोल आणि शीतपेटी लागते.

संग्रहाला सर्वांत मोठा धोका कीटकांकडूनच असतो. डर्मेस्टिड कुळातील भुंगेऱ्यांच्या अळ्या पेटीत शिरल्या की काही महिन्यांत टाचणीखाली केवळ भुसा उरतो. म्हणून नवी पेटी संग्रहालयात घेण्यापूर्वी काही दिवस शीतपेटीत ठेवतात, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवतात आणि पेट्या ठरावीक काळाने उघडून पाहतात. कोकणातील पावसाळ्यात बुरशीची भर पडते आणि आर्द्रता कमी ठेवणारे यंत्र बंद पडणे परवडत नाही. संग्रहालयासाठी कायमस्वरूपी माणूस नेमणे हा खर्च अनेकांना अनावश्यक वाटतो. मला तो विभागातील सर्वांत आवश्यक खर्च वाटतो.

देशातील मोठ्या संग्रहांचा इतिहासही हेच सांगतो. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या काळात जमू लागलेला संग्रह १९३४ च्या भूकंपानंतर संस्थेबरोबर दिल्लीला हलवण्यात आला. आज तो भारतीय कृषी संशोधन संस्थेत राष्ट्रीय पुसा संग्रह म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील अभ्यासकांना पुण्यात आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राचाही आधार मिळतो.

शेतात सापडलेली कीड ओळखून मिळते का? नमुना कसा आणावा?

मिळते, आणि हे काम विभागाने अग्रक्रमाने करावे असेच अपेक्षित असते. मात्र प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दोन दिवस ठेवलेली अळी विभागात पोहोचेपर्यंत सडून जाते आणि मग तिच्याविषयी अंदाज बांधण्यापलीकडे काही करता येत नाही. जिवंत अळी आणायची असेल तर भोके पाडलेल्या डब्यात, ज्या पिकावर ती सापडली त्याच पिकाची ताजी पाने घालून आणावी. उशीर होणार असेल तर अळी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये घालावी, म्हणजे तिचा रंग काळवंडत नाही. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण अशा बारीक किडी पानासह आणाव्यात. एकच कीड आणण्यापेक्षा पाच-सहा आणणे केव्हाही चांगले, कारण अनेक जातींची खात्री केवळ नराच्या जननेंद्रियावरून होते आणि आणलेला एकमेव कीटक मादी निघाला तर काम तेथेच थांबते.

डब्यासोबत कागदावर पीक, वाण, गाव, दिनांक, नुकसान कोणत्या भागावर दिसते आणि शेवटची फवारणी कोणत्या औषधाची व केव्हा झाली, एवढे लिहून आणावे. फवारणीची माहिती लपवू नये; तिच्यावरून कुणी दोष देत नाही, उलट पुढचा सल्ला त्या माहितीवरच ठरतो.

मोबाईलवरच्या फोटोवरून ओळख होत नाही का?

काही किडींची होते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी उलटी खूण असते आणि शेपटीकडील आठव्या वलयावर चौकोनात मांडलेले चार ठळक ठिपके असतात. फोटो स्पष्ट असेल तर तिच्याविषयी शंका उरत नाही. ही कीड भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे प्रथम नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तेव्हा अशा फोटोंमुळे प्रसाराचा माग काढायला मोठी मदत झाली.

परंतु ट्रायकोग्रामासारख्या जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या परोपजीवी माशीची जात फोटोवरून सांगता येत नाही. पतंगांच्या बाबतीत पोटाचे टोक वेगळे करून सौम्य अल्कलीच्या द्रावणात मऊ करतात आणि आतील कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जेथे हेही पुरत नाही तेथे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून तो नोंदवलेल्या जातींशी ताडतात. डीएनएने सर्व प्रश्न सुटतात असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो खरा नाही, कारण ज्या नोंदीशी तुलना करायची तिच्यावरील नाव एखाद्या तज्ज्ञाने संग्रहातील कीटक हाताळूनच ठरवलेले असावे लागते.

संवर्धन कक्षात दररोज काय चालते?

कीटक वाढवणे हे गोठा सांभाळण्यासारखे काम आहे आणि त्याला रविवार किंवा दिवाळी नसते. कक्षाचे तापमान साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास आणि उजेडाचे तास ठरावीक ठेवलेले असतात. खाद्य बदलणे, विष्ठा काढणे, मेलेल्या अळ्या वेगळ्या करणे, कोष निवडणे, नर-मादी ओळखून पतंग पिंजऱ्यात सोडणे आणि अंडी गोळा करणे हे चक्र अखंड चालते.

सर्वाधिक प्रमाणात वाढवला जातो तो कॉर्सायरा, म्हणजे साठवणीच्या धान्यात जाळी करणारा पतंग. तो स्वतः कीड आहे. पण त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा आणि क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक सहज वाढतात, म्हणून त्याला जैविक नियंत्रण प्रयोगशाळेचा पाया म्हणता येईल. भरडलेली ज्वारी किंवा बाजरी आधी उष्णतेने निर्जंतुक करतात, तिच्यात भुईमुगाचा कूट, यीस्ट, थोडे गंधक आणि जीवाणूरोधक मिसळतात, आणि साधारण अडीच किलो भरड असलेल्या पेटीत अर्धा घन सेंटिमीटर अंडी पसरतात. एक घन सेंटिमीटरमध्ये सोळा ते अठरा हजार अंडी मावतात, यावरून हा हिशेब केवढा बारीक आहे हे लक्षात येईल. पाच-सहा आठवड्यांनी पतंग निघू लागतात. त्यांच्या पंखांवरील खवले हवेत उडून श्वसनाचा त्रास देतात, त्यामुळे तेथे काम करणाऱ्यांनी मुखपट्टी लावणे अत्यावश्यक असते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या मजुरांच्या बाबतीत या खबरदारीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही आणि ते दिले गेलेच पाहिजे.

वसाहतीचे शत्रूही असतात. ब्रेकॉन नावाची परोपजीवी माशी शेतात मित्र असते. तीच कॉर्सायराच्या पेटीत शिरली तर अळ्यांचा फडशा पाडते. कोळीवर्गीय बारीक जीव अंड्यांवर वाढले तर उत्पादन घटत जाते आणि कारण लवकर कळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात वीज काही तास गेली तरी कक्षातील उष्णता एवढी चढते की पतंग अंडी देणे थांबवतात किंवा परोपजीवी माश्या अंड्यांतच मरतात. म्हणून जनित्र हा येथे चैनीचा खर्च ठरत नाही.

ट्रायकोकार्ड कसे तयार होते आणि ते वापरताना काय चुकते?

कॉर्सायराची अंडी सुमारे अर्धा तास अतिनील प्रकाशाखाली ठेवतात, त्यामुळे आतील गर्भ मरतो आणि अळी बाहेर पडून शेजारची अंडी खाण्याचा धोका राहत नाही. ही अंडी डिंक लावलेल्या कार्डावर पसरून ट्रायकोग्रामा माश्यांपुढे ठेवली की माश्या त्यांत आपली अंडी घालतात. तीन-चार दिवसांत कार्ड काळे पडते, हीच परजीवीकरण झाल्याची खूण. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून माश्या निघतात. या माश्या शेतात खोडकिडा किंवा बोंडअळी यांसारख्या किडींची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात, त्यामुळे किडीची अळी जन्मालाच येत नाही.

सर्वांत मोठी चूक वेळेची असते. अळ्या दिसू लागल्यावर कार्ड लावून उपयोग नाही, कारण ही माशी फक्त अंड्यांवर जगते. पतंग सापळ्यात सापडू लागताच कार्डांची मागणी नोंदवावी आणि ती आगाऊ नोंदवावी, कारण मागणी आल्यावर दुसऱ्या दिवशी कार्ड तयार करता येत नाही. कार्ड आणताना मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नये. काही दिवस थांबायचे असेल तर सुमारे दहा अंशांवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये. शेतात लावताना पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, सकाळी लवकर किंवा सायंकाळी टाचाव्यात. लावण्याच्या आधी आणि नंतर काही दिवस रासायनिक फवारणी टाळावी. ती केली तर कार्डांवरचा खर्च वाया गेला असे समजावे.

विषाणू तयार करणारा कक्ष वेगळा का ठेवतात?

घाटेअळीला मारण्यासाठी फवारला जाणारा विषाणू, म्हणजे शेतकरी ज्याला एचएनपीव्ही म्हणतात, तो जिवंत घाटेअळीतच वाढवावा लागतो. त्यासाठी हरभऱ्याचे पीठ, अगार, यीस्ट आणि जीवनसत्त्वे यांपासून बनवलेल्या कृत्रिम खाद्यावर हजारो अळ्या वाढवतात. घाटेअळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येक अळीला स्वतंत्र खण द्यावा लागतो. या कामातील मनुष्यबळाचा मोठा भाग येथेच खर्च होतो. ठरावीक वयाच्या अळ्यांना विषाणू लावलेले खाद्य दिले की त्या मलूल होतात, त्यांचे शरीर पातळ होते आणि शेतात अशाच अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात.

हाच विषाणू निरोगी वसाहतीत पोहोचला तर ती संपूर्ण नष्ट होते. म्हणून दोन्ही कक्षांची भांडी, अंगरखे आणि शक्यतो माणसेही वेगळी ठेवतात, आणि एकाच व्यक्तीला दोन्हीकडे जावे लागत असेल तर आधी निरोगी अळ्यांचे काम आणि मग विषाणू कक्ष हा क्रम कधीही उलटा होऊ देत नाहीत. हा विषाणू उन्हात लवकर निष्क्रिय होतो, त्यामुळे फवारणी सायंकाळी करण्याचा सल्ला दिला जातो.

औषध मारूनही कीड मरत नाही. त्याची तपासणी विद्यापीठात होते का?

होते, आणि सलग जपलेल्या वसाहतीचे मोल येथे सर्वांत स्पष्ट दिसते. शेतातून आणलेल्या अळ्यांना कीटकनाशकाच्या चढत्या मात्रा देऊन अर्ध्या अळ्या मरण्यासाठी किती मात्रा लागते हे काढतात. पण केवळ त्या आकड्याला अर्थ नसतो. ज्यांना कधीही कीटकनाशक लागलेले नाही अशा संवेदनशील वसाहतीतील अळ्यांना किती मात्रा पुरते, याच्याशी तुलना केल्यावरच शेतातील किडीची प्रतिकारक्षमता किती पटीने वाढली हे सांगता येते. अशी वसाहत नसलेली प्रयोगशाळा, तिच्याकडे अचूक मात्रेची फवारणी करणारा पॉटर मनोरा असला तरी, या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देऊ शकते.

शेंदरी बोंडअळीचे उदाहरण महाराष्ट्राला चांगलेच ठाऊक आहे. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे जीवाणूचे जनुक घालून बोंडअळीला मारक केलेल्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. पहिल्या जनुकाच्या प्रथिनाला शेंदरी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमधील अळ्यांवरून त्याच दशकाच्या अखेरीस दिसून आले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी उत्पादकांना दोन जनुकांच्या वाणांवरही तिचा मोठा फटका बसला. बीटी प्रथिन मिसळलेल्या खाद्यावर अळ्या वाढवून केलेल्या चाचण्या नसत्या तर बियाणे खराब होते की कीड बदलली होती, याचा निवाडाच झाला नसता. त्या निवाड्यावर नुकसानभरपाईपासून फरदड (हंगामानंतरही कपाशी उभी ठेवून घेतलेले पीक) न घेण्याच्या सल्ल्यापर्यंत अनेक निर्णय अवलंबून असतात.

प्रयोगशाळेच्या चार भिंतींबाहेरही संशोधन सुविधा असू शकते का?

उसावरील लोकरी माव्याने याचे उत्तर दिले आहे. ही कीड पूर्वी बंगाल आणि ईशान्य भारतात माहीत होती. २००२ च्या पावसाळ्यात ती सांगली परिसरात उसावर मोठ्या प्रमाणावर दिसली आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरली. पाने पांढऱ्या लोकरीने झाकून जात आणि खालच्या पानांवर चिकट स्राव पडून काळी बुरशी चढे. उंच वाढलेल्या उसात फवारणी करणे जवळजवळ अशक्य होते.

अभ्यासकांच्या लक्षात आले की काही शेतांत डिफा या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक मावा फस्त करत आहेत. आता हे मित्रकीटक वाढवायचे तर त्यांना मावा हवा, आणि माव्याला जिवंत ऊसच हवा. कृत्रिम खाद्यावर हे जमत नव्हते. म्हणून शेडनेटखाली ऊस लावून, त्यावर मावा सोडून, मग त्यावर डिफा वाढवण्यात आला आणि तेथून अळ्या-कोष असलेली पाने शेताशेतांत नेऊन बांधली गेली. विद्यापीठे, राष्ट्रीय संस्था, साखर कारखाने आणि शेतकरी यांनी हे काम मिळून केले. पुढे ईशान्य भारतातून एनकार्सिया ही परोपजीवी माशीही आणण्यात आली. काही हंगामांत मावा आटोक्यात आला. त्या वेळी उसाचा एक जाळीखालचा वाफा कोणत्याही महागड्या यंत्राहून अधिक उपयोगी ठरला.

मुळे खाणाऱ्या हुमणी अळीच्या बाबतीत तर शेताला पर्यायच नाही. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर गोळा होतात आणि वर्षाला एकच पिढी होते. म्हणजे त्या आठ-दहा संध्याकाळी संशोधक झाडाखाली हजर नसेल तर त्याचे संपूर्ण वर्ष वाया जाते.

परदेशातून मित्रकीटक आणून विद्यापीठ सोडू शकते का?

थेट सोडू शकत नाही, आणि हे बंधन योग्यच आहे. जिवंत कीटक देशात आणण्यासाठी केंद्र शासनाची परवानगी लागते. आणलेला कीटक बंदिस्त संगरोध (क्वारंटाइन) कक्षात वाढवून तो पिकांना, मधमाश्यांना, रेशीम किड्यांना आणि इतर उपयुक्त कीटकांना अपाय करत नाही याची खात्री केल्यावरच तो बाहेर सोडता येतो. हे काम प्रामुख्याने बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो करतो आणि विद्यापीठे पुढील गुणन व प्रसाराची बाजू सांभाळतात.

पपईवरील पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस ही परोपजीवी माशी याच मार्गाने आणली गेली आणि तिने फार थोड्या काळात कीड आटोक्यात आणली. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगाही असाच आला. पुण्यात १९५० च्या दशकात नोंदल्या गेलेल्या या तणाने देश व्यापला, तेव्हा १९८० च्या दशकात हा भुंगा मेक्सिकोहून बंगळूरुला आणून, तपासून सोडण्यात आला. पावसाळ्यात तो गाजर गवतावर भरपूर दिसतो. उन्हाळ्यात मात्र जमिनीत सुप्त राहतो, त्यामुळे पहिल्या वर्षीच गवत नाहीसे होण्याची अपेक्षा ठेवू नये.

कामगंध सापळ्यांचा अभ्यास कसा करतात?

मादी पतंग सोडते त्या गंधाची नक्कल रबरी गोळीत भरून सापळा बनतो. गंध किती दिवस टिकतो, सापळा पिकापासून किती उंचीवर हवा आणि नर कोणत्या मिश्रणाकडे अधिक येतात हे शेतात मोजतात. प्रयोगशाळेत वाय आकाराच्या काचनळीत कीटक सोडून तो दोहोंपैकी कोणत्या फाट्याकडे वळतो हेही पाहतात. कपाशीत शेंदरी बोंडअळीचे सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ पतंग सापडले तर ती आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करण्याची वेळ, मानतात. २००९ पासून राज्यात चालणाऱ्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पात अशाच नोंदींवरून विद्यापीठांतील तज्ज्ञ सल्ले देतात.

मधमाश्यांवर येथे काम होते का?

होते. सातेरी आणि मेलिफेरा या माश्यांच्या पेट्या ठेवून परागीभवन आणि कीटकनाशकांचा माश्यांवरील परिणाम अभ्यासला जातो. आग्या माशी पेटीत राहत नाही, तिचा अभ्यास मोहोळ जेथे असेल तेथेच करावा लागतो. मधमाशीपालनाचे सविस्तर प्रशिक्षण हवे असेल तर १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे चौकशी करावी. शेतकऱ्यांना विनंती एवढीच की पीक फुलोऱ्यात असताना दिवसा फवारणी करू नये.

डासांचा अभ्यास येथे होतो का?

सहसा नाही. कृषी विद्यापीठांचा भर पिकांवरील किडी, साठवणीतील किडी आणि उपयुक्त कीटकांवर असतो. डास आणि त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंसाठी पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इतर संस्था आहेत.

एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी या सुविधा कशा वापरता येतात?

राज्यातील कृषी विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची प्रक्रिया पुण्यातील महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होते. अखिल भारतीय जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा असते. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या संबंधित संकेतस्थळावरच पाहाव्यात.

विषय निवडताना विद्यार्थ्यांनी कीटकाचे जीवनचक्र आणि आपल्या हाती असलेले हंगाम यांचा मेळ आधी घालावा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हुमणीवर काम घेणाऱ्याला प्रत्यक्षात एक किंवा दोनच हंगाम मिळतात. ट्रायकोग्रामावर काम करणाऱ्याच्या हाती त्याच काळात अनेक पिढ्या लागतात. संवर्धन कक्षातील जागा मर्यादित असते, तेव्हा आपली वसाहत सुटीत कोण सांभाळणार याची व्यवस्था प्रयोग सुरू करण्यापूर्वीच करावी. पदवीच्या विद्यार्थ्यांना कीटकांचा संग्रह सादर करावा लागतो. तो वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून घेऊन चिठ्ठी बदलणे ही केवळ गुणांची फसवणूक नसते. खोट्या गावाची आणि खोट्या तारखेची चिठ्ठी पुढे संग्रहालयात शिरली तर ती कायमची चुकीची नोंद होऊन बसते.

कीटक गोळा करायला परवानगी लागते का?

आपल्या शेतातील किडींसाठी लागत नाही. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि राखीव वने येथे वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक असते. अनेक फुलपाखरे आणि काही भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे संग्रहासाठी फुलपाखरांमागे धावण्यापूर्वी यादी पाहावी. नमुने परदेशातील तज्ज्ञांकडे पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात, आणि नवी जात आढळल्यास तिचा नमुना शासनाने नेमलेल्या राष्ट्रीय संग्रहात जमा करावा लागतो.

शाळेच्या मुलांना विभाग दाखवता येईल का?

पूर्वसूचना दिल्यास संग्रहालय आणि मित्रकीटक प्रयोगशाळा आनंदाने दाखवली जाते. संवर्धन कक्षात मात्र एका वेळी चार-पाच जणांनाच सोडतात. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी शेतात फवारणी केलेल्यांनी अंघोळ करून, कपडे बदलून यावे. अत्तर लावून येऊ नये आणि प्रतीक्षागृहात डासांची अगरबत्ती लावू नये, कारण तिच्या धुराने अर्धा मिलिमीटरच्या माश्या सहज मरतात. मुलांनी पेट्यांच्या काचेवर हात टेकवले तर हरकत नाही. त्यांना चिठ्ठ्या वाचायला सांगावे. आपल्या तालुक्याचे नाव एखाद्या जुन्या चिठ्ठीवर सापडले की ती पेटीपाशी बराच वेळ थांबतात.